जोड्याचे टोक : एका झिजेचा इतिहास

आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी इतिहासविषयक चार शब्द लिहावेत, अशी कार्यकारी मंडळाची सूचना आली. शिक्षकाच्या नोकरीत तीस-बत्तीस वर्षे मी मुलांकडून राजांच्या सनावळ्या पाठ करवून घेतल्या. निवृत्तीनंतर मात्र मन वारंवार एका निराळ्याच इतिहासाकडे वळते. ज्या पायांनी त्या स्वाऱ्या केल्या, त्या पायांखाली काय होते? ते कोणी शिवले, आणि झिजल्यावर कोणी नीट केले? या प्रश्नांची उत्तरे क्रमिक पुस्तकांत नाहीत; पण आपणांपैकी पुष्कळांच्या घराण्यांत एक-दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत तीच उत्तरे रोज हाताखालून जात होती. म्हणून या वर्षी मी एक अगदी लहान विषय घेतला आहे. कातडी तळाच्या बुटाचे टोक सर्वांआधी का झिजते, आणि ते वाचविण्यासाठी निरनिराळ्या काळी माणसांनी कोणते उपाय योजिले, एवढाच तो विषय. विषय अंगठ्याएवढा असला तरी त्याचा पसारा मोठा आहे, याचा प्रत्यय वाचकांना पुढे येईलच.

टोकच आधी का झिजते?

माणूस चालू लागला म्हणजे प्रथम त्याची टाच भुईला टेकते, मग सारा तळवा टेकतो, आणि अखेरीस अंगठ्याच्या जोरावर भुईला मागे रेटून तो पाऊल उचलतो. त्या शेवटच्या क्षणी देहाचा भार बोट-दीड बोट जागेवर एकवटतो. अनवाणी पाय तेथे सहज वाकतो. नव्या कातडी तळाचे तसे नसते. चांगल्या, घट्ट कमावलेल्या कातड्याचा तळ प्रारंभी फळीसारखा ताठ असतो. तो वाकत नाही, म्हणून सबंध बूटच टोकावर उलटतो आणि टोक भुईवर खरवडले जाते. काही आठवडे वापरल्यावर तळ मवाळ होतो व झीज मंदावते. परंतु तोवर टोकाचा पहिला लचका गेलेला असतो. ओले कातडे तर कोरड्यापेक्षा फारच लवकर झिजते. पावसाळ्यात बूट जपून वापरावा असे जुनी माणसे सांगत, त्यामागील कारण हेच.

ज्या फर्म्यावर बूट बांधतात, त्याचे टोक भुईपासून किंचित वर उचललेले असते, ते याच कारणासाठी. उत्तर हिंदुस्थानातील जुतीची वर वळलेली चोच शोभेची म्हणून आपण पाहतो. पण ती चोच भुईला घासत नाही, हा तिचा गुणही लक्षात घेण्याजोगा आहे.

आता या झिजेचा हिशेब पाहू. विलायती धंद्यात तळाच्या कातड्याची जाडी ‘आयर्न’ या मापाने मोजतात. एक आयर्न म्हणजे इंचाचा अठ्ठेचाळिसावा भाग. पोशाखी बुटाचा एकेरी तळ साधारण नऊ-दहा आयर्न, म्हणजे सुमारे पाच मिलिमीटर जाड असतो. उत्तम प्रतीच्या बुटात वरचे कातडे, आतला तळ आणि त्यांच्या कडेने फिरविलेली ‘वेल्ट’ नावाची कातडी पट्टी ही प्रथम एकत्र शिवतात; मग बाहेरचा तळ त्या पट्टीला शिवतात. बाहेरचा तळ झिजला तर तेवढाच उसवून नवा लावता येतो. पण टोकाशी तो पाच मिलिमीटरचा थर संपून झीज पट्टीपर्यंत पोहोचली, की काम फार अवघड होते. मग पट्टीच बदलावी लागते, आणि पट्टी बदलणे म्हणजे बूट जवळजवळ पुन्हा बांधणे होय. सारांश, टोकाच्या त्या बोटभर जागेवर साऱ्या बुटाचे आयुष्य अवलंबून असते.

पहिला उपाय : जाडी

सर्वांत सोपा उपाय म्हणजे तळ जाड करणे. या उपायाचा एक फार जुना उल्लेख आपल्या दक्षिणापथाशी संबंधित आहे. पाली भाषेतील विनयपिटकाच्या महावग्ग या भागात पादत्राणे व कातडी यांविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात सोण कोळिविस नावाच्या एका सुकुमार श्रेष्ठिपुत्राची कथा येते. भिक्षू झाल्यावर अनवाणी येरझारा घालून त्याचे पाय फुटले आणि चंक्रमणाची वाट रक्ताने माखली. ते पाहून भगवान बुद्धांनी त्याला एकपदरी तळाचे पादत्राण वापरण्यास अनुज्ञा दिली. आपणा एकट्यासाठी ही सवलत नको, असे सोणाने म्हटल्यावर ती साऱ्या संघाला मिळाली.

त्याच प्रकरणात पुढे सोण कुटिकण्ण नावाचा दुसरा भिक्षू येतो. तो अवंती देशातून आपले गुरू महाकच्चान यांची विनंती घेऊन आला होता. अवंती व दक्षिणापथ या भागांतील जमीन काळी, खडबडीत आणि गुरांच्या खुरांनी तुडवून काट्यासारखी झालेली आहे, तेथे एकपदरी तळ टिकत नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्यावरून सीमेवरील सर्व प्रदेशांसाठी अनेकपदरी तळाच्या पादत्राणांस अनुज्ञा मिळाली. पावसाळ्यानंतर वाळलेल्या काळ्या रानातून जो चालला आहे, त्याला या विनंतीचा अर्थ वेगळा सांगावयास नको. तळ किती जाड असावा हे भुई ठरविते, ही गोष्ट अडीच हजार वर्षांच्या या परंपरेत स्पष्ट नोंदली गेली आहे.

आपल्याकडील कोल्हापुरी वहाण ही याच परंपरेतील म्हणता येईल. बाभळीची साल व हिरडा यांत कमावलेले कातडे, त्याचे एकावर एक बसविलेले थर, आणि खिळ्याशिवाय कातडी वादीने केलेली शिलाई, ही तिची लक्षणे. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत या धंद्याला उत्तेजन मिळाले. २०१९ साली महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर या जिल्ह्यांना मिळून या वहाणेसाठी भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. परंतु जाडीला मर्यादा असते. तळ जितका जाड तितका तो ताठ, आणि जितका ताठ तितके टोक अधिक घासते. म्हणून माणसाला दुसरा उपाय शोधावा लागला.

दुसरा उपाय : लोखंड

तो उपाय लोखंडाचा. रोमन शिपायाच्या पायातील ‘कॅलिगा’ नावाच्या जाड वहाणेचा तळ बोथट डोक्याच्या लोखंडी खिळ्यांनी भरलेला असे. छावणीत वाढणाऱ्या एका सेनापतीच्या लहानग्या मुलाला तशाच चिमुकल्या वहाणा घालीत, म्हणून शिपायांनी त्याचे नाव कॅलिगुला ठेविले. पुढे तो रोमचा सम्राट झाला आणि त्याच नावाने कुप्रसिद्धही झाला. या खिळ्यांमुळे कातडे भुईला लागतच नसे. झिजे ते लोखंड. वाटेत गळून पडलेले असे खिळे आजही उत्खननांत सापडतात, आणि रोमन पलटणी कोठून गेल्या असाव्यात याचा माग संशोधकांना त्यांवरून लागतो.

मात्र प्रत्येक उपायाची काही किंमत असते. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमला वेढा घातला. त्या वेळचा इतिहासकार जोसेफस याने ज्युलियानस नावाच्या एका शूर रोमन अंमलदाराची हकिकत सांगितली आहे. तो एकटाच शत्रूला रेटीत मंदिराच्या आवारात शिरला. पण खिळे मारलेल्या वहाणा गुळगुळीत फरसबंदीवरून घसरल्या, तो पाठीवर कोसळला, आणि परत फिरलेल्या शत्रूंनी त्याला तेथेच ठार केले. झिजेपासून वाचविणारे लोखंड दगडी फरशीवर पायाला दगा देते, हा धडा तेव्हापासूनचा आहे. आजही गुळगुळीत लादीवर नाल मारलेला बूट जपूनच टाकावा लागतो.

तरीही लोखंडाचा उपाय सुटला नाही. ब्रिटिश फौजेचा ‘अम्युनिशन बूट’ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होता. त्याचा तळ कातडी, तळावर खिळे, टाचेला घोड्याच्या नालेसारखी पट्टी आणि टोकाला लोखंडी पत्रा, अशी त्याची घडण असे. हिंदी पलटणींच्या पायांतही हा बूट होता. पलटण चालताना जो ठेका उठे, तो या लोखंडाचा. साध्या नागरिकांसाठी इंग्लंडमधील लीड्स शहरी जॉन ब्लेकी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चंद्रकोरीच्या आकाराचे लहान लोखंडी तुकडे विकावयास आणिले. त्यांच्या पाठीला खिळ्याचे दात घडविलेलेच असत. तुकडा टोकावर किंवा टाचेवर ठेवून हातोडीचे दोन-चार ठोके दिले की काम झाले. इंग्लंडात ‘ब्लेकी’ हे नाव पुढे त्या वस्तूचेच नाव होऊन बसले.

हा विचार आपल्या मुलखाला परका नाही. घोड्याला नाल मारतात, तशी बैलाच्या खुराला पत्री मारतात. डांबरी सडकेवर उसाची गाडी ओढणाऱ्या बैलाला पत्री नसेल तर त्याचे खूर झिजून तो लंगडू लागतो. नालबंदाची पत्री आणि बुटाच्या टोकावरील पत्रा यांमागील तत्त्व एकच आहे : जे पुन्हा येणार नाही ते राखावे, आणि त्याच्या जागी जे पुन्हा लावता येईल ते झिजू द्यावे.

तिसरा उपाय : तळात बसविलेला पत्रा

वरून ठोकलेल्या नालेत दोन दोष असतात. ती तळाच्या वर येते म्हणून वाजते व घसरते, आणि तिच्या मागच्या कडेशी कातड्याला पायरी पडून पाऊल अडखळते. यावर निपुण कारागिरांनी जो तोड काढला, तो मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत देखणा वाटतो.

टोकाच्या आकाराचा पोलादी पत्रा घ्यावयाचा. तो तळावर ठेवून कडेने रेघ मारावयाची. मग त्या रेघेच्या आतील कातडे बरोबर पत्र्याच्या जाडीइतकेच, म्हणजे दीड-दोन मिलिमीटर, धारदार रापीने सपाट तासून काढावयाचे. तेथे पत्रा बसवून बारीक स्क्रूंनी आवळावयाचा. कातडे व पोलाद एका पातळीत आले पाहिजे. बोट फिरविले तर सांधा लागता कामा नये. येथे हाताची खरी परीक्षा असते. रापी थोडी खोल गेली तर तळ पातळ होतो, उथळ राहिली तर पत्रा वर येतो. टोकाशी तळाची शिलाईही असते. तासताना ती कापली जाते, म्हणून स्क्रू असे पडले पाहिजेत की ते तळ आणि पट्टी या दोहोंना एकत्र धरतील. असा पत्रा नीट बसला तर आवाज जवळजवळ होत नाही, आणि पत्रा झिजला तर स्क्रू काढून दुसरा लावता येतो. हा पत्रा नव्या बुटाला प्रथम दिवशीच लावावा, की तळ थोडा मवाळ झाल्यावर लावावा, याविषयी कारागिरांत दोन मते आहेत. मला पहिले मत पटते. कारण टोकाची सर्वांत जास्त झीज तळ ताठ असतानाच होते, हे वर सांगितलेच आहे.

चौथा उपाय : रबर

अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांनी १८४४ साली रबर गंधकासह तापवून टिकाऊ करण्याच्या क्रियेचे पेटंट घेतले. त्यांच्याच नावाच्या मुलाने १८६९ ते १८७१ च्या सुमारास वेल्टची पट्टी शिवण्याचे यंत्र पुढे आणिले. बापाच्या रबराने कातडी तळाला प्रतिस्पर्धी निर्माण केला, आणि मुलाच्या यंत्राने तोच कातडी तळ कारखान्यात शिवता येऊ लागला. एकाच घरातील हा योग मौजेचा खरा.

रबराने लोखंडावर मात केली ती डोंगरात. १९३५ साली इटलीच्या आल्प्स पर्वतात सहा गिर्यारोहक मृत्युमुखी पडले. त्या काळी खिळ्यांचे जड बूट पायथ्याकडे ठेवून कड्यावर हलके जोडे घालून चढत, आणि हवा बिघडली की ते हलके जोडे उपयोगी पडत नसत. त्या मोहिमेतील व्हिताले ब्रामानी यांनी या दुःखातून धडा घेऊन खोल खाचांचा रबरी तळ तयार केला व १९३७ साली त्याचे पेटंट घेतले. १९५४ मध्ये इटालियन तुकडीने के-टू शिखर प्रथम सर केले, तेव्हा त्यांच्या पायांत हे रबरी तळ होते.

पोशाखी बुटाच्या टोकालाही रबर लावतात. झिजलेला भाग तिरका कापून तेथे रबराची पाचर चिकटवितात व बारीक खिळ्यांनी पक्की करितात. ती पोलादापेक्षा लवकर झिजते, पण वाजत नाही, घसरत नाही, आणि थोड्या खर्चात बदलता येते. आपल्या गावोगावच्या कारागिरांनी मोटारीच्या टाकाऊ टायरचा तळ वहाणेला लावला, तोही हाच उपाय. त्यासाठी त्यांना कोणी पेटंट दिले नाही, आणि त्यांनी ते मागितलेही नाही.

दुरुस्त करणाराचे ज्ञान

वरील चारही उपायांत एक गोष्ट समान आहे. ते सुचण्यासाठी झिजलेला बूट पाहावा लागतो. नवा बूट विकणाराला तो पुन्हा दिसेलच असे नाही. दुरुस्त करणाराच्या हाती मात्र दिवसभर झिजलेलेच बूट येतात. माझे वडील बाजाराच्या रस्त्यावर बसत. गिऱ्हाइकाचा जोडा हाती आला की प्रथम ते तो उलटा करून पाहात. सायकलवाल्याचा तळ पावलाच्या मध्याशी झिजलेला असे, शिपायाची टाच बाहेरून गेलेली असे, आणि भराभर चालणाऱ्या कारकुनाचे टोक. कोणास कोठे नाल हवी हे त्यावरून ठरे. गिऱ्हाईक टाचेसाठी आलेले असले तरी ते टोकाकडे बोट दाखवीत, कारण आज काही पैशांची नाल लावली नाही तर सहा महिन्यांनी साऱ्या तळाचा खर्च येणार, हे त्यांना दिसत असे. हे निदान होय, आणि निदान हे विद्येचे लक्षण आहे.

या संदर्भात विल्यम केरी यांचे स्मरण होते. इंग्लंडातील नॉर्थॅम्प्टनशायर हा परगणा जोड्यांच्या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. त्या परगण्यातील हा चर्मकार मिशनरी होऊन बंगालमध्ये सेरामपूरला आला. त्याने १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण व १८१० साली मराठी कोश छापून काढला. म्हणजे आपल्या भाषेच्या पहिल्या छापील व्याकरणांतील एक, ज्या हातांनी पूर्वी आरी धरिली होती त्या हातांनी लिहिले गेले. त्याच्याविषयी अशी कथा सांगतात की, एका मेजवानीत कोणी बड्या अंमलदाराने, हा पूर्वी जोडे करणारा होता ना, असे मुद्दाम त्याच्या कानी पडेल असे विचारिले. केरीने तेथल्या तेथे उत्तर दिले की, आपण जोडे करणारे नव्हतो, केवळ फाटके जोडे नीट करणारे होतो. टोमणा मारणाराने धंद्याची एक पायरी दाखविली, तर केरी स्वतःहून तिच्याही खालच्या पायरीवर जाऊन ताठ उभा राहिला.

आपल्याकडे हा ताठपणा सोपा नव्हता. येथे धंदा माणसाने निवडलेला नव्हता. तो जन्माने त्याच्या माथी मारलेला होता, आणि त्या धंद्याबरोबर अस्पृश्यतेचा डागही. आमच्या पिढीतील मुलांना शाळेत वडिलांचा धंदा विचारला की वर्गात जी शांतता पसरे, ती पुष्कळांना आठवत असेल. त्या धंद्यातून आपली मुले बाहेर पडली, शिक्षक, परिचारिका, अभियंते, अधिकारी झाली, हे योग्यच झाले. याबद्दल कोणी हळहळू नये. परंतु डाग पुसताना ज्ञानही पुसले जाऊ नये. जोडा शिवणारा हात हीन आहे असे ज्यांनी ठरविले, त्यांचा निर्णय आपणच आपल्या घरातील रापी अडगळीत टाकून मान्य करावा काय?

सांप्रत बहुतेक बुटांचे तळ साच्यातले व चिकटविलेले असतात. तळ गेला की बूट गेला. असे असूनही मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर गटई कामगार बसलेले दिसतात. शासनाने त्यांच्यापैकी कित्येकांना पत्र्याचे स्टॉलही दिले आहेत. परदेशांत टोकाला पोलादी पत्रा बसवून देणारा कारागीर आज चांगला मोबदला घेतो, कारण महाग बुटाचे आयुष्य त्याच्या हातावर असते. आपल्या तरुणांपैकी कोणाला हे काम स्वेच्छेने, शिकून, योग्य मोल घेऊन करावेसे वाटले, तर त्यात कमीपणा कसला? आणि ज्याला करावयाचे नाही, त्याने निदान ते जाणून असावे.

यासाठी सभासद कुटुंबांना एक विनंती आहे. आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रीपुरुषांना जवळ बसवून विचारावे : कातडे कोठून येत असे, ते कशात कमावीत, रापी कोणत्या दगडावर परजीत, घरातील बायका कोणते काम करीत, नाल कोठे व कशी मारीत. हत्यारांची नावे त्यांच्याच बोलीत, ते उच्चारतात तशी, वहीत उतरवून घ्यावीत. आपल्या बायकांच्या हातून किती शिलाई व वेणीकाम झाले, याची तर कोठेच नोंद नाही. ज्या घरांत जुनी रापी, आरी, फर्मा किंवा ऐरण असेल, त्यांनी ती भंगारात न घालता तिची माहिती संघाच्या कार्यालयाकडे पाठवावी. पुढील वर्षीच्या अंकात त्यांतील निवडक माहिती देता येईल. ही माणसे आता थोडी उरली आहेत; हे काम या वर्षीच हाती घ्यावे, एवढे सांगून हा लेख पुरा करितो.